अद्भुताचा वाचक, घराचा कथाकार : हरि नारायण आपटे

नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी आपल्या काळच्या कादंबरीकाराची एक अडचण सांगितली आहे. हिंदू समाजातील विवाहाची रीत आणि तत्सम इतर कारणे यांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेईल असे गुण वा दुर्गुण आढळत नाहीत. रोजच्या अनुभवातल्या गोष्टी लिहिल्या तर त्यांत रंजक असे काही उरत नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू पाहणाऱ्याला अद्भुताचा आश्रय करणे भाग पडते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. लग्ने बालपणीच लागतात, वधूवरांना निवडीचा प्रश्न नसतो, मग प्रणयकथा घडणार कोठे, अशी ही शंका होती. मराठी अद्भुतरम्य कादंबरीचे ते प्रामाणिक समर्थन होते आणि मराठी कौटुंबिक जीवनासंबंधीचा एक गंभीर निवाडाही होता.

हा निवाडा छापला गेला तेव्हा खानदेशातील पारोळे येथे जन्मलेले हरि नारायण आपटे चार वर्षांचे होते. पुढे सुमारे तीस वर्षे त्यांनी जे लेखन केले त्याकडे या निवाड्याला दिलेले एक दीर्घ उत्तर म्हणून पाहता येते. मराठी कादंबरीला वास्तवाकडे वळविणारे कादंबरीकार म्हणून हरिभाऊंची ख्याती आहे आणि ती सार्थच आहे. परंतु लेखक होण्यापूर्वी ते अद्भुतकथांच्या युगातील वाचक होते, हे त्यांच्या चरित्राचा विचार करताना बहुधा दुर्लक्षिले जाते. अद्भुतरम्य कादंबरीविषयी त्यांचे मत काय होते, हे स्वतंत्र निबंधापेक्षा त्यांनी कोणते कथासंकेत टाकले, कोणते ठेवले आणि ठेवलेले कोठे नेऊन बसविले यांवरूनच अधिक स्पष्ट होते. त्यांचे जीवनचरित्र या दृष्टीने पाहिले असता वास्तववादाचा सर्वपरिचित इतिहास काहीसा निराळा दिसू लागतो.

१

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी झाला. मातृसुखाला ते लहानपणीच अंतरले. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईचे नामांकित वकील होते आणि हरिभाऊंच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा होता. बालपणाची काही वर्षे मुंबईत काढल्यानंतर १८७८ मध्ये ते पुण्यास आले. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले तेव्हा तेथे चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री निवर्तले तेव्हा या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' ही कविता लिहिली. पुढे महाविद्यालयीन शिक्षण झाले. पण गणिताने वाट अडविली आणि पदवी हाती आली नाही. इंग्रजी व संस्कृत वाङ्मयाचे वाचन मात्र पदवीधरांनाही दुर्मीळ असावे इतके विस्तृत झाले.

या वाचकाची वृत्ती कशी होती हे एका प्रसंगावरून कळते. आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' या नावाने केलेले भाषांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर हरिभाऊंनी 'निबंधचंद्रिके'त सुमारे बहात्तर पृष्ठांचे परीक्षण लिहिले. लेखक विशीच्या आसपासचा आणि ग्रंथकार त्याचा गुरू. तरीही दोष दाखविताना लेखणी अडखळली नाही. मूळ कृती आणि तिचे मराठी रूप यांमधील अंतर मोजण्याची ही सवय पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली. पाश्चात्त्य वाङ्मयातील काय मराठीत जसेच्या तसे येऊ शकते, काय येऊ शकत नाही आणि आणले तर त्याचे रूप किती पालटावे लागते, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथम वाचक म्हणूनच उभा राहिला.

२

हरिभाऊंच्या पिढीसमोर मराठी कादंबरी म्हणून जे होते त्याचे स्वरूप बरेचसे ठराविक होते. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७) हिंदू विधवांच्या स्थितीविषयी लिहिले गेले होते. पण त्यामागील धर्मप्रसाराच्या हेतूमुळे त्याची वाट मुख्य प्रवाहाला मिळाली नाही. प्रवाह वाहिला तो लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या कादंबरीच्या दिशेने. हळब्यांचीच 'रत्नप्रभा' (१८६६) आणि रिसबुडांच्या 'मंजुघोषा' व 'विश्वासराव' या कादंबऱ्यांनी तो वाढविला. अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींच्या मराठी अवतारानेही वाचकांच्या अभिरुचीला तोच रंग दिला होता.

या कादंबऱ्यांचे संकेत वाचकाला पाठ झालेले होते. नायिका रूपाने अलौकिक व शीलाने निष्कलंक. नायक शूर, उदार आणि संकटाला नेमका सापडणारा. नायिकेवर डोळा ठेवणारा एक खलपुरुष आणि त्याच्या पदरी एखादा कपटी सल्लागार. मग वियोग, अरण्य, कारागृह, वेषांतर. मृत म्हणून शोक झालेले पात्र ऐन वेळी जिवंत प्रकट होणार, दरिद्री म्हणून वाढलेला तरुण थोर कुळातला निघणार, आणि अनेक योगायोगांच्या साखळीने अखेरीस सर्वांची गाठ पडून विवाह अथवा पुनर्मीलन होणार. सद्गुणाला बक्षीस व दुर्गुणाला शासन ही समाप्ती जवळजवळ अनिवार्य होती. वाचकाला शेवटाविषयी शंका नसे. शेवटापर्यंत पोहोचण्याच्या वळणांतच त्याचे सुख होते.

या प्रकारावर पहिली ठोस टीका काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' (१८७२) या पुस्तकात आली. मराठ्यांचा मुख्य आक्षेप असंभाव्यतेवर होता. जे घडणे शक्य नाही अशा घटनांची रास रचून कथा सजविणे हे त्यांना मान्य नव्हते. मराठी कादंबरीसमीक्षेच्या आरंभीच्या लेखनात या निबंधाला महत्त्वाचे स्थान आहे. तरीही या टीकेला एक मर्यादा होती. अद्भुत काढून टाकले तर त्या जागी काय ठेवावे, या रिसबुडांच्या प्रश्नाला असंभाव्यतेवरील आक्षेपाने उत्तर मिळत नव्हते. घटना संभाव्य कराव्यात हे ठीक. पण संभाव्य घटना नीरस असतील तर वाचकाने त्या का वाचाव्यात? ज्या घरात नवऱ्याची निवड नाही, मोठ्यांच्या देखत नवराबायकोचे बोलणे नाही, त्या घरात कादंबरीला पुरेल असे काही घडते, हे अद्याप कोणी लिहून दाखवावयाचे होते.

त्याच सुमारास इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या हाती जॉर्ज रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या पडत होत्या. लंडनच्या गल्लीबोळांतील गुन्हे, उमराव घराण्यांतील गुपिते आणि संकटग्रस्त सुंदरी यांची रेलचेल असलेला हा लेखक महाराष्ट्रात अनेक वर्षे आवडीने वाचला व भाषांतरिला गेला. अद्भुतरम्य कथेचे तेच संकेत रेनॉल्ड्सने राजवाड्यातून शहरात आणले होते. हरिभाऊंच्या लेखनाचा प्रारंभ याच दुव्यापासून होतो ही गोष्ट लक्षणीय आहे.

३

१८८५ मध्ये 'पुणे वैभव' पत्रातून हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' क्रमशः येऊ लागली. रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन' या कादंबरीचा तिला आधार होता. जुने आचार सुटले आहेत आणि नवे अंगी मुरलेले नाहीत अशा संक्रमणावस्थेतील पुण्याचे, तेथील मद्यपानाचे व ढोंगांचे चित्र त्यांना काढावयाचे होते. सांगाडा रहस्यकथेचा आणि द्रव्य पुण्याचे अशी ही जोडणी होती. ती सर्वत्र सांधली गेली नाही. परंतु तिने एक गोष्ट सिद्ध केली. मराठी वाचक ज्या भीतीसाठी व उत्कंठेसाठी दूरच्या अरण्यात जात होता ती भीती व उत्कंठा त्याच्या स्वतःच्या पेठेत निर्माण करता येते, हे येथे प्रथमच ध्यानात आले. 'गणपतराव' या दुसऱ्या कादंबरीत परक्या सांगाड्याचा आधार सुटला. मात्र ती अपूर्ण राहिली.

या काळात गोविंद वासुदेव कानिटकर व त्यांच्या पत्नी काशीबाई कानिटकर यांच्याशी हरिभाऊंचा स्नेह जुळला होता. काशीबाई लग्नानंतर स्वप्रयत्नाने वाचन-लेखन शिकल्या आणि पुढे स्वतः कादंबरीकार झाल्या. घरात राहून, वडीलधाऱ्यांच्या नजरा चुकवीत पुस्तक वाचणारी स्त्री म्हणजे काय, हे हरिभाऊंना अशा परिचयातून जवळून समजले असले पाहिजे. अद्भुतरम्य कादंबऱ्यांची नायिका बहुधा स्त्रीच होती. तिची वाचक स्त्री मात्र लेखकांच्या कल्पनेत क्वचितच असे. हरिभाऊंच्या कल्पनेत ती आली आणि त्यामुळे कादंबरीचे निवेदनच बदलले.

१८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले. 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्या वादांनी पुण्याचे वातावरण तापलेले होते. अशा वेळी मनोरंजन हाच ज्याचा उघड हेतू आहे असे पत्र काढणे याचा अर्थ वाचकाच्या रंजनाच्या भुकेला तुच्छ न मानणे असा होता. घरातील सर्वांना वाचता यावे असे हे पत्र होते. सत्तावीस वर्षे, १९१७ पर्यंत ते चालले. त्याच्या स्तंभांतूनच हरिभाऊंच्या बहुतेक कादंबऱ्या आठवड्याच्या हप्त्यांनी बाहेर पडल्या. अद्भुतरम्य कथेपासून हरिभाऊंनी काय घेतले याचे एक उत्तर येथेच मिळते. पुढील अंकापर्यंत वाचकाला बांधून ठेवावयाचे तर प्रकरण उत्कंठेवर तोडणे, रहस्य राखणे, संकटाची चाहूल आधीच देणे या युक्त्या आवश्यकच होत्या. त्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळाचा जो दोष समीक्षकांनी वारंवार दाखविला आहे त्याचेही एक कारण या हप्त्यांच्या लेखनात आहे.

४

'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात 'करमणूक'मधून आली. रखमाबाई खटल्याची आठवण ताजी होती. संमतिवयाच्या विधेयकावरून रणे माजली होती आणि १८९१ मध्ये तो कायदा संमत झाला. विधवांच्या केशवपनाविरुद्ध आगरकर पोटतिडकीने लिहीत होते. ज्या विवाहरीतीत कथेला विषय नाही असे रिसबुडांना वाटले होते तीच रीत आता सार्वजनिक वादाच्या मध्यभागी आली होती. हरिभाऊंनी तिच्यातूनच कादंबरी काढली.

यमुना ही स्वतःची कथा स्वतः सांगते. लहानपणीचे खेळ, मैत्रीण दुर्गी, लग्न, सासर, मुंबईतील थोडे मोकळे संसारसुख, पती रघुनाथरावांचा अकाली मृत्यू आणि त्यानंतर शंकरमामंजींच्या पुढाकाराने सक्तीने झालेले केशवपन, असा तिच्या आयुष्याचा प्रवास आहे. मराठी वास्तववादाचा हा उत्कर्षबिंदू मानला जातो. तथापि या कथेचा आराखडा बाजूला काढून पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. निष्पाप नायिका येथे आहे. तिच्यावर टपलेला कपटी पुरुष आहे. प्रियजनाचा वियोग आहे, विश्वासघात आहे, बंदिवास आहे, बळजोरी आहे. अद्भुतरम्य कादंबरीचे जवळजवळ सर्व संकेत हजर आहेत. त्यांचे पत्ते तेवढे बदलले आहेत. कारागृहाच्या जागी माजघर आले. कपटी प्रधानाचे काम नात्यातल्या वडीलधाऱ्याकडे गेले. शस्त्राची जागा शास्त्राने आणि न्हाव्याच्या वस्तऱ्याने घेतली.

एक संकेत मात्र हरिभाऊंनी पूर्णपणे काढून टाकला. येथे सोडवणारा कोणी येत नाही. अद्भुतरम्य कथेत ज्या क्षणी नायक प्रकट व्हावयाचा त्या क्षणी या कथेत कोणीही प्रकट होत नाही. नायक मरण पावला आहे आणि योगायोग घडत नाही. दुर्गीचे दुःख तर याहून वेगळ्या प्रकारचे आहे. तिचा नवरा जिवंत आहे, आणि तेच तिचे संकट आहे. पुनर्मीलनाने सुख होते या संकेताला दुर्गीच्या कथेने परस्पर छेद दिला आहे. वाचक जन्मभर ज्या शेवटाला सरावला होता तो शेवट नाकारून हरिभाऊंनी त्याच्या हाती एक रिकामी जागा ठेवली. कादंबरीच्या नावातील प्रश्नचिन्ह त्याच जागेकडे बोट दाखविते. सोडवणारा कथेत नाही. असलाच तर तो वाचकांत असावयास हवा, अशी या रचनेची मागणी आहे.

येथे मराठे आणि हरिभाऊ यांच्या वाचकदृष्टीतील भेद स्पष्ट होतो. मराठ्यांना अद्भुतरम्य कथा असत्य वाटल्या. हरिभाऊंच्या कृतीवरून निघणारा निष्कर्ष असा की त्या कथांतील भय व छळ असत्य नव्हते, त्यांचे स्थळ चुकले होते आणि त्यांतील सुटका तेवढी असत्य होती. मुक्तामालेच्या वाचकाला नायिकेच्या यातनांनी गहिवर येत असे. तशाच यातना शेजारच्या खोलीत चालू असताना त्याला गहिवर येत नव्हता, कारण त्या रोजच्या होत्या. रोजच्या गोष्टी नीरस असतात हे रिसबुडांचे गृहीतक हरिभाऊंनी उलटविले. त्या नीरस नव्हत्या. डोळ्यांच्या सवयीने त्या दिसेनाशा झाल्या होत्या. बालिकेच्या तोंडून, तिच्या अजाण व नेमक्या भाषेत सांगितल्याने ती सवय मोडली.

५

लेखक ज्या घरांविषयी लिहीत होता त्या घरांच्या बाहेर तो स्वतः नव्हता. हरिभाऊंचाही विवाह त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयात झाला होता. प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला. पत्नी गेल्यावर पुन्हा संसार मांडण्याची जी मुभा समाज पुरुषाला सहज देत होता तीच स्त्रीला नाकारण्यातून त्यांच्या कादंबरीची शोकांतिका उभी राहिली होती. कायद्याने १८५६ मध्येच विधवाविवाहाला मान्यता दिली असली तरी रूढीने ती दिली नव्हती. हे अंतर हरिभाऊंच्या आयुष्यात आहे, तसेच त्यांच्या पिढीतील अनेक सुधारकांच्या आयुष्यात आहे. ते लपवून चरित्र शोभिवंत करण्याचे कारण नाही; त्यावरून कादंबरी खोटी ठरविण्याचेही नाही. घराची बंधने किती खोलवर रुजलेली होती याचा तो एक पुरावा आहे.

चुलत्यांनी १८८८ मध्ये स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था हरिभाऊंनी अखेरपर्यंत पाहिली. प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या मुद्रणाचे हे काम होते. म्हणजे धर्मशास्त्रादी ग्रंथांची मुद्रिते तपासणारा आणि शास्त्राच्या नावाने होणाऱ्या क्रूरतेची कथा लिहिणारा माणूस एकच होता. प्लेगच्या काळात त्यांनी लोकसेवा केली, पुणे नगरपालिकेत काम केले आणि तिचे अध्यक्षपदही भूषविले. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या नेमस्त पुढाऱ्यांशी त्यांचा जवळचा स्नेह होता. शांतपणे, संस्थांच्या द्वारे, हळूहळू सुधारणा घडवावी ही नेमस्त वृत्ती त्यांच्या कादंबऱ्यांतील नायकांतही उतरली.

६

'मी' (१८९३–९५) या कादंबरीत हरिभाऊंपुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. यमुनेच्या कथेत प्रेमाला अवकाश नव्हता, कारण निवडीला अवकाश नव्हता. 'मी' मधील भावानंद आणि सुंदरी यांच्या बाबतीत मात्र निवड शक्य आहे. दोघे समवयस्क मनाचे, परस्परांना जाणणारे, नव्या शिक्षणाच्या वाऱ्यात वाढलेले. अद्भुतरम्य कादंबरीच्या नियमाप्रमाणे शेवट उघड होता. आणि आता तो असंभाव्यही राहिला नव्हता. तरीही हरिभाऊंनी तो होऊ दिला नाही. भावानंद लोकसेवेचे व्रत पत्करतो आणि विवाहाचे सुख बाजूस सारतो.

या नकाराचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी केले पाहिजे. एकीकडे, विवाह हेच कथेचे व जीवनाचे साफल्य या संकेतातून मराठी कादंबरी येथे मोकळी झाली. भावानंदाची बहीण ताई हिच्या चित्रणात तर दुःखद संसाराबाहेरही स्त्रीला कार्य व प्रतिष्ठा असू शकते हे प्रथमच ठामपणे मांडले गेले. दुसरीकडे, एक संकेत मोडताना दुसरा जन्माला आला. प्रेम आणि ध्येय यांत विरोध आहे, आणि थोर पुरुष ध्येयासाठी प्रेमाचा त्याग करतो, ही कल्पना पुढील मराठी कादंबरीत इतकी रुळली की तीही वाचकाला अगोदरच ठाऊक असू लागली. परस्परांच्या निवडीने एकत्र आलेल्या सुशिक्षित स्त्रीपुरुषांचा साधा, रोजचा, सुखाचा संसार कादंबरीचा विषय होऊ शकतो काय, या प्रश्नाशी हरिभाऊ यमुनेच्या मुंबईतील दिवसांत क्षणभर थांबले होते. तेथेही मृत्यूने तो संसार अर्ध्यावर तोडला. अद्भुतरम्य कथेतील सुखान्ताविषयीचा त्यांचा संशय इतका गाढ होता की सुखालाच त्यांनी बहुधा संशयाने पाहिले.

७

आणि तरीही जुन्या कथेचे प्रेम त्यांच्या मनातून गेले नव्हते. 'मैसूरचा वाघ' ही त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी 'करमणूक'च्या आरंभकाळातच आली. मेडोज टेलर याच्या टिपू सुलतानावरील कादंबरीच्या आधारे लिहिलेली ही कृती अपुरी राहिली. पण 'उषःकाल' (१८९५–९७) पासून 'वज्राघात' (१९१३–१५) पर्यंत ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका अखंड चालली. सामाजिक कादंबऱ्यांतून हद्दपार केलेले संकेत येथे सन्मानाने परतले. 'उषःकाल'मध्ये स्वराज्याच्या उदयकाळची गुप्त खलबते आहेत, वेषांतरे आहेत, शौर्याची साहसे आहेत. 'गड आला पण सिंह गेला' मध्ये तानाजीच्या पराक्रमाच्या जोडीला कमलकुमारी या राजपूत स्त्रीचे उदयभानूकडून झालेले हरण गुंफले आहे. बंदिवान नायिका, कामांध खल आणि सोडवणूक हा 'मुक्तामाले'च्या काळापासून चालत आलेलाच आकृतिबंध आहे.

त्याच लेखकाने, त्याच साप्ताहिकातून, बहुधा त्याच वाचकाला एका हाताने सुटका नाकारावी आणि दुसऱ्या हाताने द्यावी, यात विसंगती आहे असे वरवर वाटते. परंतु यामागे एक व्यवस्था दिसते. वर्तमानातील घरात सुटका नाही, कारण ती घडवून आणणारे कर्तृत्व समाजात अद्याप नाही. भूतकाळात ती आहे, कारण तेथे ते कर्तृत्व होते असा विश्वास आहे. परतंत्र समाजाच्या वाचकाला हे दोन्ही हवे होते. सोडवणारा नायक हरिभाऊंनी मराठी कादंबरीतून काढून टाकला नाही. त्याला घरातून उचलून इतिहासात नेले. याची किंमतही मोजावी लागली. इतिहासातील नायकाला मिळालेली रम्यता पुढील अनेक ऐतिहासिक कादंबरीकारांनी विनातपास स्वीकारली, आणि हरिभाऊंची सामाजिक दृष्टी त्यांच्या ऐतिहासिक स्त्रीचित्रणात क्वचितच उतरली.

या मालिकेच्या अखेरीस मात्र दोन वाटा एकत्र आल्या. 'वज्राघात' ही विजयनगरच्या विनाशाची कथा आहे. रामराजा आणि मेहेरजान यांचे प्रेम, त्याने केलेला तिचा त्याग, आणि त्यांचा पुत्र रणमस्तखान हे तिचे केंद्र आहे. अज्ञात जन्म हा अद्भुतरम्य कथेचा अत्यंत आवडता संकेत. तेथे जन्माचे रहस्य उलगडले की दरिद्री तरुण राजपुत्र ठरतो आणि सर्व दुःखे संपतात. येथे त्याच रहस्याच्या पोटी सूड आहे आणि एका साम्राज्याचा अंत आहे. टाकलेल्या स्त्रीची कथा हरिभाऊंनी अखेर इतिहासातही आणली, आणि यमुनेच्या कथेप्रमाणे येथेही पुनर्मीलनाने काही वाचत नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील लेखकाने आपल्या बालपणीच्या वाङ्मयाचा एक संकेत घेऊन त्यातील खोटे आश्वासन शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढले असेच म्हणावे लागेल.

८

१९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हरिभाऊंना मिळाले. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेत मराठी भाषेचा उगम व विकास या विषयावर त्यांनी व्याख्याने दिली; गणितामुळे पदवी न मिळालेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाने दिलेला हा मान होता. १९१७ मध्ये 'करमणूक' बंद पडले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

ज्या अद्भुतरम्य कादंबरीशी त्यांनी आयुष्यभर वाद घातला ती काही नाहीशी झाली नाही. १९२५ मध्ये ना. सी. फडके यांची 'कुलाब्याची दांडी' आली आणि पाहता पाहता प्रणयकथेचे एक नवे युग सुरू झाले. शिक्षणाचा प्रसार झाला होता, विवाहाचे वय वाढले होते, तरुण-तरुणींच्या भेटीची स्थळे निर्माण झाली होती. रिसबुडांना जी सामग्री मिळत नव्हती ती आता समाजातच उपलब्ध झाली. अद्भुताच्या टेकूशिवाय प्रणयकथा उभी राहू शकली, आणि तिच्याबरोबर योगायोग, गैरसमज, तिसरे पात्र व अखेरचे मीलन हे संकेतही नव्या पोशाखात परत आले. वाचकांनी ते आनंदाने स्वीकारले. हरिभाऊंचा पराभव म्हणून या घटनेकडे पाहणे योग्य नाही. वाचकाची रंजनाची भूक त्यांनी कधीच नाकारली नव्हती. आपल्या पत्राचे नावच त्यांनी तिच्यावरून ठेवले होते.

त्यांच्यामुळे एक फरक मात्र कायमचा पडला. 'पण लक्षात कोण घेतो?' नंतर मराठी वाचकाला प्रणयकथेचा सुखान्त पूर्वीसारखा निरागसपणे वाचणे कठीण झाले. नायिका संकटात आहे असे वाचताना तिला सोडवणारा कोण आहे, हा प्रश्न पूर्वी उत्कंठेचा होता. यमुनेनंतर तो सामाजिक झाला. कथासंकेतांचा अभ्यास करताना ते जुने आहेत की नवे, संभाव्य आहेत की असंभाव्य, एवढ्यावर थांबून चालत नाही. कोणाच्या दुःखाकडे ते वाचकाची नजर वळवितात आणि कोणाच्या दुःखावरून ती काढून घेतात, हे तपासावे लागते. रिसबुडांनी आपल्या काळातील घराकडे पाहून तेथे सांगण्यासारखे काही नाही असा निर्णय दिला होता. हरिभाऊंनी त्याच घराचे दार उघडले आणि आत कोण कोंडलेले आहे ते दाखविले.